वळणावर घेतलेला फोन

ही हकिगत सांगायची मी तेरा वर्षं टाळली. घरात टाळली, बँकेत टाळली, माझ्या सत्काराच्या भाषणात तर अगदी शिताफीने टाळली. आता माझं वय सदुसष्ट. स्मरण ठणठणीत आहे, आणि जे घडलं त्याचा करणारा मीच असल्यामुळे कुणाकडून खातरजमा करून घ्यायची गरज नाही. तेव्हा जसं झालं तसं लिहितो.

महाडला एका सहकारी बँकेच्या डेटा सेंटरचं नेटवर्क मी सांभाळत असे. डेटा सेंटर म्हटलं की लोकांना काचेची उंच इमारत दिसते. आमचं म्हणजे बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यांत सहा रॅक, दोन एसी आणि सतत घोंघावणारे पंखे. दुसराच मजला का, हे महाडकराला सांगावं लागत नाही. सावित्रीचं पाणी तळमजल्यावर कधी येईल याचा नेम नसतो. पोलादपूरपासून दासगावपर्यंतच्या सगळ्या शाखा या दोन खोल्यांवर चालायच्या. शाखेतल्या कारकुनाने कीबोर्डवर काही टाइप केलं की ते आमच्याकडे येऊन, उत्तर घेऊन परत जायचं. ही ये-जा ज्याच्या इशाऱ्यावर चालते त्या यंत्राला स्विच म्हणतात. चौकातला पोलीसच तो. कुठलं काय कुठे पाठवायचं, कुणाला अडवायचं, हे त्याला आधी शिकवून ठेवावं लागतं.

हे शिकवण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. खोटा विनय करायचं हे वय नाही. टेलिफोनच्या तारा जोडण्यापासून सुरुवात केलेला मी माणूस. पुस्तकं मागवून, रात्रंदिवस यंत्रांशी झटापट करून शिकलो होतो.

माझ्या हाताखाली एक तंत्रज्ञ होता. शिवथरच्या बाजूच्या एका वाडीतला, तेव्हा पस्तिशीचा. सात वर्षं कंत्राटावर. त्याला कायम करण्याची फाइल त्या वर्षी वर गेली होती आणि शिफारस माझीच होती. कायम झाला की दोन्ही मुलींना महाडच्या शाळेत घालायचं, एवढा एकच विषय त्याच्या डोक्यात असायचा. रोज दुचाकीवरून यायचा-जायचा, पण मुलींना रोज त्या रस्त्याने आणणं त्याला नको होतं. खोली बघून ठेवली होती.

माणूस कसा होता, तर आमच्या खोलीतल्या प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना त्याने कागदाची चिठ्ठी लावून वर पारदर्शक टेप गुंडाळली होती. कुठून आली, कुठे जाते, कधी लावली, सगळं बारीक सुवाच्य अक्षरात. मी त्याला म्हणायचो, "अरे, लग्नाच्या पत्रिका आहेत का या?" तो म्हणायचा, "साहेब, पत्रिका नसली तर पाहुणा चुकीच्या मांडवात जेवून जातो."

आम्हा दोघांमध्ये शिमग्याची पाळी होती. शिमग्याला आमच्या भागात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावरून, निघून घरोघर फिरते. माणूस मुंबईत असो की दुबईत, पालखी दारात येते त्या दिवशी तो दारात उभा असायला हवा. त्याच्या वाडीचा आणि आमच्या पोलादपूरकडच्या गावाचा दिवस बहुतेक एकच यायचा. म्हणून एका वर्षी मी जायचं, एका वर्षी त्याने. त्या वर्षी पाळी त्याची होती. पण मी गावी नवं घर बांधलं होतं आणि त्या घरात पालखी पहिल्यांदाच येणार होती. मी त्याला सरळ विचारलं नाही. नुसतं म्हणालो, "या वेळी नव्या घरात देव येतोय रे."

तो हसला. "मग जावा की साहेब. आमचा देव काय, दर साली येतोच."

आदल्या दिवशी रविवार होता. बँक बंद, म्हणून जुने दोन मुख्य स्विच काढून त्यांच्या जागी नवे बसवायचं ठरवलं होतं. मी वर्षभर पाठपुरावा करून ते मिळवले होते. सकाळी सुरुवात केली, दुपारी तीनपर्यंत सगळ्या शाखा नव्या यंत्रांवर आल्या. काम देखणं झालं होतं.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. स्विचला दिलेल्या सूचना आधी त्याच्या तात्पुरत्या स्मरणात राहतात. त्या जतन करायची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही आणि यंत्र बंद पडलं, तर चालू केल्यावर ते सगळं विसरलेलं असतं. जुन्या यंत्रांवर मी याचा फायदाच घ्यायचो. बदल करायचा, पण लगेच जतन करायचा नाही. तास दोन तास बघायचं. काही बिनसलं तर यंत्र बंद करून चालू करायचं, की ते आपसूक आधीच्या स्थितीत येतं. चांगली सवय होती ती, अनेकदा तिने वाचवलं होतं. पण नव्या यंत्राला आधीची स्थितीच नव्हती. खोक्यातून काढलेलं, कोरं यंत्र ते. मी जुन्याच सवयीने वागलो. संध्याकाळपर्यंत बघू, मग जतन करू.

चारच्या सुमाराला खाली जीपचा हॉर्न वाजायला लागला. माझा चुलतभाऊ न्यायला आला होता. जिन्यातूनच ओरडला, "दादा, देव थांबणार हाय का तुझ्यासाठी? सहाणेवर ढोल लागले! त्या पेट्यांना काय हळद लावायचीय अजून?"

मी पिशवी उचलली. तंत्रज्ञ दारात उभा होता. त्याने विचारलं, "सगळं झालं ना साहेब?"

"झालं," मी म्हणालो.

आमच्या गावात तेव्हा फोनला रेंज नव्हती. शाळेच्या वर रस्त्याचं एक वळण आहे, तिथे करवंदीच्या जाळीपाशी उभं राहिलं तर दोन काड्या यायच्या. मी त्याला सांगून ठेवलं होतं की सोमवारी सकाळी दहाला मी वळणावर असेन. होतो. खाली ढोल वाजत होते, पालखी आमच्या आळीत शिरली होती. बरोबर दहाला त्याचा फोन आला, ऑफिसच्या फोनवरून.

"साहेब, बाकी ठीक हाय. दासगावची शाखा मंद चाललीय."

"किती मंद?"

"स्क्रीन येईपर्यंत चहा पिऊन होतोय म्हणतात."

"दोन्ही स्विच एकदा बंद करून चालू कर."

"नवीनच? एका शाखेसाठी सगळं बंद करायचं?"

"दोन मिनिटांचं काम आहे. कर."

"मग तुम्ही लायनीवर राहा साहेब. चालू होईपर्यंत."

"अरे, पालखी दारात आलीय. कर तू." आणि मी फोन ठेवला.

उतारावरून मी धावत गेलो ते आठवतं. नव्या उंबऱ्यावर पालखी आली, बायकोने ओटी भरली, मी डोकं टेकलं. त्या क्षणी महाडच्या दुसऱ्या मजल्यावर दोन यंत्रं जन्माला आल्यासारखी कोरी होऊन उठत होती आणि एकामागून एक शाखा गप्प होत होत्या. मला जतन करायचं राहिल्याची आठवण तेव्हा झाली नाही, त्या दिवसभरात झाली नाही. पुन्हा वळणावर मी गेलोच नाही.

मंगळवारी पहिल्या एसटीने पोचलो. तो सर्व्हरच्या खोलीत जमिनीवर बसला होता, कालच्याच कपड्यांत. मला शोधून शोधून थकल्यावर त्याने आधीच्या सूचना अजून आत असलेले जुने स्विच माळ्यावरून उतरवले होते, स्वतःच्या चिठ्ठ्या वाचत एकेक केबल परत त्यांना जोडली होती, आणि निम्म्या शाखा चालू केल्या होत्या. एकट्याने. हे काम मला स्वतःला तेवढ्या वेळात जमलं असतं का, शंका आहे. नव्या यंत्रांना लॅपटॉप जोडून मी पडद्यावर नजर टाकली. काय झालं ते मला एका क्षणात कळलं. त्याला कळलं नव्हतं. जतन करण्याचं काम नेहमी मी करायचो; ते त्याला मी कधी शिकवलंच नव्हतं.

दुपारपर्यंत सगळ्या शाखा मी उभ्या केल्या. मग सरव्यवस्थापकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. आत आणखी दोन अधिकारी होते.

"स्विच कुणी बंद केले?"

"मी," तो म्हणाला. "साहेबांना फोन केला होता."

सरव्यवस्थापक माझ्याकडे वळले. "तुमच्याशी बोलणं झालं होतं?"

मी म्हणालो, "रेंज नव्हती."

एवढंच. दोन शब्द. सरव्यवस्थापक हसलेसुद्धा. "तुमच्या पोलादपूरला रेंज असते कधी?" बाकीचेही हसले. आमच्या भागातल्या माणसाने सांगितलेली ही एक गोष्ट अशी आहे, की तिच्यावर कुणीही, कधीही, पुरावा न मागता विश्वास ठेवतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याने बोलायलाच हवं होतं. तो खाली बघून म्हणाला, "साहेब म्हणतायत तर नसेल झालं बोलणं. गडबडीत मला वाटलं असेल."

अहवाल मी लिहिला. त्यात होतं की जागेवरील तंत्रज्ञाने परवानगी न घेता दोन्ही मुख्य स्विच बंद केले, त्यामुळे त्यांच्यातील सूचना नष्ट झाल्या. पहिला अर्धा भाग खोटा, दुसरा त्याहून वाईट, कारण तो खऱ्यासारखा दिसतो. निम्म्या शाखा त्याने एकट्याने उभ्या केल्या, हे मी लिहिलं नाही. त्याची फाइल परत आली. महिनाअखेरीला कंत्राट संपलं ते पुढे वाढलं नाही. जाताना चहावाल्याला, शिपायाला, सगळ्यांना भेटला. मलाही. "येतो साहेब," म्हणाला. मुली वाडीच्याच शाळेत राहिल्या.

त्यानंतरची माझी वर्षं कामाच्या दृष्टीने सर्वांत चांगली गेली. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, ते खरं आहे. आमचं नेटवर्क मी मुळापासून बदललं. पूर्वी प्रत्येक यंत्राला वेगळं बसून शिकवावं लागे; मी सगळी यंत्रं एका जागेवरून चालवता येतील अशी रचना आणली. प्रत्येक स्विचच्या सूचनांची प्रत तासातासाला दुसरीकडे जाऊन पडते. कुणी काय बदललं, किती वाजता, हे नावासकट राहतं. जतन न केलेला बदल दहा मिनिटांवर तसाच राहिला की यंत्र स्वतः बोंब मारतं. मुख्य स्विच बंद करायचा तर दोन माणसांची संमती लागते, आणि ती लेखी. घाटावर दुसरं केंद्र उभं केलं. निवृत्तीनंतरही बँकेने मला सल्लागार म्हणून ठेवलं, आणि महाडात छपरापर्यंत पाणी आलं त्या वर्षी आमचा सगळा कारभार काही मिनिटांत घाटावरच्या केंद्रावर गेला. जे गाव पाण्याबाहेर होतं, तिथल्या शाखेत त्या आठवड्यातही लोकांचं काम झालं. त्या जाळ्याचा मला आजही अभिमान आहे.

जुन्या केबली काढून नव्या घालताना एकही जोडणी चुकली नाही, ती त्याच्या चिठ्ठ्यांमुळे. ते मी कुणाला बोललो नाही.

उलट ऑफिसात एक शब्दप्रयोग रूढ झाला होता: वाडीवाला उपाय. कुणी विचार न करता यंत्र बंद-चालू करायला गेला की बाकीचे ओरडायचे, "काय रे, वाडीवाला उपाय करतोस काय?" मग हशा. एकदा नव्याने लागलेल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, वाडीवाला उपाय म्हणजे नक्की काय?"

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो, आणि तिला दोन माणसांच्या संमतीचा नियम समजावून सांगितला. तो नियम कुणाच्या लबाडीतून आला हे ऑफिसात मला एकट्याला माहीत होतं.

त्याच्याकडे मी एकदा गेलो होतो. कंत्राट संपल्यानंतर पाचसहा महिन्यांनी, बोलायचं ठरवून. तो दासगावला कुणाचे कॅमेरे बसवायला गेला होता. त्याच्या बायकोने बसायला खुर्ची दिली, चहा दिला. "काय निरोप देऊ साहेब?" तिने विचारलं. "सहज आलो होतो," म्हणालो. पुढे महाडच्या बाजारात तो अधूनमधून दिसायचा, दुचाकीवर वायरची भेंडोळी अडकवलेली. दरवेळी तोच हाक मारायचा. "साहेब, तुमचं जाळं काय म्हणतंय?" आणि मी जाळ्याबद्दल बोलायचो. त्या विषयावर मला केव्हाही बोलता येतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात फायबरचं इंटरनेट आलं. मी निवृत्तीनंतर गावीच राहतो. जोडणी द्यायला जो माणूस आला तो नेमका हाच. या खोऱ्यातली सगळी कामं आता त्याच्याकडे होती, हाताखाली दोन जण होते. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. दारातूनच म्हणाला, "साहेब, आता वळणावर जायला नको!"

मला हसावं की काय ते कळेना. त्याने पडवीत पेटी बसवली, वायर आत ओढली. माझ्या बायकोने चहा आणला, तो पिताना त्याने आपली माणसं बाहेर पाठवली आणि तो माझ्याकडे वळला.

"साहेब, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"फोनचं नाय विचारत. ते मी कधीच सोडून दिलं. तुमची पण नोकरी होती, माणूस घाबरतो. पण त्या दिवशी ते सगळं पुसलं कसं गेलं? मी लय डोकं लावलं. पुढे कळलं, काही मशीनचं बटण जास्त वेळ दाबून धरलं की आतलं सगळं जातं. मी धरलं असेल का साहेब? मी घाबरलेला, हात घामेजलेला. मला वाटतं माझंच बोट जास्त वेळ राहिलं. तेव्हापासून कुठलंही मशीन बंद करायचं तर मी मागची वायर काढतो. बटणाला बोट लावत नाय. पोरं हसतात मला."

रेंजचं खोटं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्याने ते माफ केलं होतं. पण दुसरी गोष्ट त्याला माहीत नव्हती. अकरा वर्षं तो स्वतःच्या बोटावर संशय घेत होता. एक वाक्य पुरेसं होतं. ते मला पाठ होतं.

मी म्हणालो, "नवी यंत्रं होती. सुरुवातीच्या यंत्रांत असतात अशा खोडी."

त्याचा चेहरा जरा उजळला. "म्हणजे माझं बोट नाय?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

असं का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. यंत्रात खोड होती म्हणालो त्याच दमात "तुझं बोट नव्हतं" एवढं म्हणायला काय जात होतं? पण ते ठामपणे म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग कुणाचं? तो प्रश्न यायच्या आत मी दार लावून घेतलं. त्याने कप खाली ठेवला, माझ्या मोबाइलवर वेग तपासून दाखवला. "बघा, कसं पळतंय," म्हणाला आणि गेला.

गेल्या दिवाळीनंतर तो वारला. हृदयविकाराने, कामावर असतानाच. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मला चार दिवसांनी कळलं.

त्यानंतर मात्र मी थांबलो नाही. बँकेला पत्र दिलं. तेव्हाचा अहवाल खोटा आहे, फोन झाला होता, आज्ञा माझी होती, आणि सूचना जतन न करता निघून गेलेला मी होतो, असं सही करून लिहिलं. आताच्या अधिकाऱ्यांपैकी कुणी तेव्हा तिथे नव्हतं. त्यांनी पत्र वाचलं, मला पाणी दिलं, पत्र त्याच्या फाइलला लावलं. "वाडीवाला उपाय" हा शब्द पुन्हा कुणी तोंडातून काढू नये म्हणून मी नव्या लोकांसमोर उभा राहून सगळं सांगितलं. सांगताना आवाज कुठे अडला नाही.

मग वाडीवर गेलो. त्याच्या बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी बोलत होतो तोवर तिचा हात चालू होता, मग थांबला.

"म्हणजे त्यांचं बोट नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"आणि हे तुम्ही मला येऊन सांगता?" ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "साहेब, ज्याला सांगायचं तो तुमच्या पडवीत येऊन चहा पिऊन गेला. घरी आल्यावर मला म्हणाला, साहेबांना पण नक्की माहीत नाय गो."

जे पडवीत म्हणायला हवं होतं ते फक्त माझ्याकडे आहे, आणि ते इतकं लहान आहे की चहा निवायच्या आत म्हणून झालं असतं. तुझ्या बोटाने काही पुसलं नाही. मी जतन केलंच नव्हतं. तू विचारलंस, सगळं झालं ना, आणि मी झालं म्हणालो. मला माफ कर.